स्टेम सेलचं पॅकेज: प्रयोग असेल तर पैसे कसले घेता?

मागच्या अंकात केसांसाठीच्या पीआरपीबद्दल (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टोचून घेण्याबद्दल) लिहिलं होतं, त्यावर आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी 'मॅडम ते ठीक आहे, पण स्टेम सेलचं काय?' असेच होते. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. एक आधीच सांगते, मी स्वतः प्लास्टिक सर्जन आहे, चेहरा नीट दिसावा असं वाटण्यात मला काहीच वावगं वाटत नाही, त्यामुळे 'या वयात कशाला हे थेर' छापाचं उत्तर इथे मिळणार नाही. प्रश्नांमधली क्लिनिकची नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी घोडबंदर रोडला राहते, वय ५४, बँकेतून व्हीआरएस घेतलीय. डिसेंबरात मुलाचं लग्न आहे आणि गेल्या काही वर्षांत चेहरा एकदम उतरलाय, डोळ्याखाली खड्डे, गाल ओघळायला लागलेत, फोटोत स्वतःकडे बघवत नाही. इथल्याच एका क्लिनिकमध्ये गेले तर त्यांनी स्टेम सेल फेसलिफ्ट सांगितलं, म्हणजे पोटावरची चरबी काढायची, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि चेहऱ्यात सोडायच्या, कापाकापी नाही टाके नाहीत, आणि तुमच्याच सेल्स असल्यामुळे साइड इफेक्टचा प्रश्नच नाही म्हणाले. दीड लाखाचं पॅकेज आहे, या आठवड्यात बुक केलं तर वीस हजार कमी. मुलगी म्हणते आई यात काहीतरी गडबड आहे. पण माझंच शरीर, माझीच चरबी, माझेच पैसे, मग यात सरकारचा किंवा कोणाचा संबंध काय? करू का नको ते स्पष्ट सांगा.
(एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर: ताई, स्पष्टच सांगते, हे पॅकेज घेऊ नका. आता का ते.

आधी त्यांना विचारा की माझी चरबी काढल्यावर तिचं नेमकं करणार काय. कारण या एकाच पाटीखाली तीन वेगवेगळी कामं विकली जातात. पहिलं म्हणजे साधं फॅट ग्राफ्टिंग, पोटाची किंवा मांडीची चरबी काढायची, धुवून-गाळून घ्यायची आणि गालात, डोळ्याखाली भरायची. हे आम्ही वर्षानुवर्षं करतोय, चांगलं काम आहे, त्यातली बरीच चरबी विरघळू शकते हे पेशंटला आधीच सांगायचं असतं. चरबीत स्टेम सेल असतातच, २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं, त्यामुळे साधी चरबी भरून 'स्टेम सेल दिल्या' म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही पण त्या नावाखाली जास्तीचे पैसे लावणं ही लबाडीच. दुसरं काम म्हणजे कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम घालून चरबी विरघळवायची आणि खाली उरलेला पेशींचा गाळ इंजेक्ट करायचा, त्याला एसव्हीएफ म्हणतात. त्यात स्टेम सेल थोड्याच असतात, बाकी रक्तातल्या, रक्तवाहिन्यांच्या अशा सगळ्या पेशींची खिचडी. आणि तिसरं, पेशी लॅबमध्ये आठवडे वाढवून मग सोडायच्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाबद्दल माझा आक्षेप आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर माणसावर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर प्रायोगिक आहे, आणि तो फक्त मंजुरी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा. ट्रायल म्हणजे काय, तर एथिक्स कमिटी असते, नोंदणी असते, नंतर तुमच्यावर लक्ष ठेवलं जातं, काही बिघडलं तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची असते. आणि प्रयोगासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. आता तुमचं पॅकेज यात बसवून बघा. हा प्रयोग असेल तर दीड लाख कसले? आणि पक्का उपचार असेल तर त्याचा पुरावा कुठाय? माझ्या मते नैतिकतेचा सगळा वाद या दोन प्रश्नांतच आहे, बाकी चकचकीत ब्रोशर.

'तुमच्याच सेल्स, म्हणून साइड इफेक्ट नाही' हे वाक्य तर मला जाम खटकतं. लॉस एंजेलिसच्या एका बाईंची हकीगत २०१२ मध्ये छापून आली होती. त्यांनी बेव्हर्ली हिल्सच्या एका क्लिनिकमध्ये अगदी तुम्हाला सांगितलंय तसंच करून घेतलं होतं, पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी डोळ्यांभोवती सोडल्या. काही महिन्यांनी उजवा डोळा उघडता येईना, दुखायचा, आणि उघडताना टक् टक् आवाज यायचा. दुसऱ्या सर्जननी उघडून बघितलं तर पापणीत आणि डोळ्याभोवतीच्या मांसात हाडाचे तुकडे! झालं असं की आधीच्या क्लिनिकने पेशींबरोबर सुरकुत्या भरायचं एक नेहमीचं फिलर पण टोचलं होतं, त्यात कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइट असतं, म्हणजे हाडात असतं तेच खनिज. नुसतं फिलर वर्षानुवर्षं वापरात आहे. पण या पेशी आजूबाजूला काय आहे ते बघून चरबी, कूर्चा किंवा हाड काहीही बनू शकतात, बाजूला कॅल्शियम दिसलं आणि त्या हाड व्हायला निघाल्या, असा अंदाज डॉक्टरांनी मांडला. पेशी तिच्याच होत्या हो. ते तुकडे काढायला सहा तासांवर ऑपरेशन चाललं.

फ्लोरिडातलं उदाहरण चेहऱ्याचं नाही, डोळ्याच्या पडद्याचं आहे, पण चरबी तीच आणि क्लिनिकची भाषाही तीच. तीन वयस्क बायकांच्या दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या, तिघींचीही दृष्टी जवळपास गेली. २०१७ मध्ये हे मोठ्या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. त्यातली जी गोष्ट मला विसरता येत नाही ती म्हणजे आपण संशोधनात भाग घेतोय असं काहींना वाटत होतं, आणि त्यासाठी त्यांनी पाच-पाच हजार डॉलर मोजले होते. नंतर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध नियंत्रण खात्याने, कोर्टात धाव घेतली, तेव्हा क्लिनिकचा युक्तिवाद हाच होता की पेशंटच्या स्वतःच्या पेशी आहेत, त्या औषध कशा होतील? २०२१ मध्ये अपील कोर्टाने तो मानला नाही. चरबी एन्झाइमने विरघळवली की ती मूळची चरबी राहत नाही, त्यामुळे एफडीएचे नियम तिला लागू होतात.

याचा अर्थ या विषयात काहीच दम नाही असं मात्र नाही. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी दहा निरोगी स्वयंसेवकांच्या दंडात चरबी भरली, एका बाजूला साधी आणि दुसऱ्या बाजूला लॅबमध्ये वाढवलेल्या स्टेम सेल मिसळलेली. चार महिन्यांनी एमआरआय करून मोजलं तर साधी चरबी जेमतेम १६ टक्के टिकली होती आणि स्टेम सेलवाली ८१ टक्के. फरक जबरदस्त आहे, मलाही उत्सुकता आहेच. पण तो दंड होता, चेहरा नाही, माणसं दहाच, आणि तो प्रयोग होता, प्रयोगासारखाच केलेला. तुमच्या क्लिनिकला विचारा बरं की ते एमआरआय करून मोजणार आहेत का, दोन वर्षांनी फोन करून कशा आहात विचारणार आहेत का.

आता 'माझं शरीर, माझे पैसे'. मान्य, शंभर टक्के. पण निर्णय तुमचा आहे असं म्हणायचं तर खरी माहिती तुमच्या हातात हवी ना. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात ल्युकेमियाच्या पेशंटना बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात, ती स्टेम सेलचीच खरी, सिद्ध झालेली ट्रीटमेंट, आणि तीही सोपी नाही, जिवावरचा धोका असतो. तो धोका पेशंट घेतो कारण दुसऱ्या पारड्यात त्याचा जीव असतो. तुमच्या दुसऱ्या पारड्यात लग्नाचे फोटो आहेत. फोटोंना मी कमी लेखत नाही, पण त्यांच्यासाठी घ्यायचा धोका अगदी छोटा आणि आधी मोजलेला असायला हवा, आणि इथे तर तो कोणी मोजलेलाच नाही. शिवाय 'या आठवड्यात वीस हजार कमी' म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये याची सोय. ऑपरेशनला सेल लागत नाही, ताई.

पर्याय आहेत. डोळ्याखालच्या खड्ड्यांना साधं फॅट ग्राफ्ट किंवा फिलर, गाल फारच ओघळले असतील तर रीतसर फेसलिफ्ट. त्यात टाके असतात, सूज येते, पण काय होतं आणि किती टिकतं याचा अनेक वर्षांचा अनुभव जमा आहे. जे काही कराल ते लग्नाच्या निदान दोन-तीन महिने आधी, हळदीला निळा-काळा चेहरा नको. आणि मुलीला सोबत न्या, तिचं डोकं शाबूत आहे.

प्रश्न: मॅम मी वाशीच्या एका ॲस्थेटिक क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे, वय २६, डॉक्टर नाही, बीएस्सी करून जॉबला लागले. आम्हाला महिन्याचं टार्गेट असतं आणि प्रत्येक स्टेम सेल पॅकेजमागे इन्सेन्टिव्ह मिळतो. कन्सेंट फॉर्म इंग्लिशमध्ये आठ पानी आहे, पेशंटला आम्ही फक्त सही कुठे करायची ते दाखवतो, बऱ्याच जणी वाचत पण नाहीत. त्यात एक ओळ अशी आहे की उरलेली चरबी क्लिनिक संशोधनासाठी ठेवू शकतं. काही जणींना तर 'तुमची चरबी स्टोअर करून ठेवू, पुढे लागेल तेव्हा वापरू' म्हणून वेगळे वर्षाचे पैसे घेतात. मला हे बरोबर वाटत नाही पण घरी ईएमआय आहे, बाबांची नोकरी गेलीय. मी काय करू? मी पण दोषी आहे का?
(नाव नको प्लीज, वाशी)

उत्तर: तुझ्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण अशी पत्रं सहसा कोणी लिहीत नाही.

दोषाचं आधी. पेशंट आणून दिल्याबद्दल कमिशन देणं किंवा घेणं हे डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेनुसार मना आहे. म्हणजे तो इन्सेन्टिव्ह देणारा तुझा डॉक्टर नियम मोडतोय. संमती घेणं हेही त्याचं काम, ते तुझ्यावर ढकलणं हीच मुळात गडबड. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की नुसती सही म्हणजे संमती नव्हे, उपचार काय आहे, धोके काय, दुसरे पर्याय कुठले, काहीच नाही केलं तर काय होईल, हे पेशंटला समजेल असं सांगायला हवं. त्या केसमध्ये बाईंनी तपासणीपुरती संमती दिली होती, त्या बेशुद्ध असताना बाहेर आईची सही घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजाशयं काढून टाकली. एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही असं कोर्ट म्हणालं. तुमच्या फॉर्ममधली ती 'संशोधनासाठी' ओळ याच जातीची आहे. फेसलिफ्टला आलेल्या बाईने फेसलिफ्टला हो म्हटलंय, तिच्या पेशींवर कोणी काय करावं याला नाही.

उरलेली चरबी म्हणजे कचरा, त्यात काय एवढं, असं तुला कोणीतरी नक्की म्हणालं असेल. जॉन मूर नावाच्या अमेरिकन माणसाला एक दुर्मिळ ब्लड कॅन्सर होता, १९७६ मध्ये त्याची प्लीहा काढली. डॉक्टर त्याला नंतर वर्षानुवर्षं सिॲटलहून लॉस एंजेलिसला बोलवत राहिला, रक्त घे, मॅरो घे, आणि त्याला पत्ता नसताना त्याच्या पेशींपासून सेल लाइन (लॅबमध्ये अखंड वाढत राहणाऱ्या पेशी) बनवून तिचं पेटंटही निघालं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की काढलेल्या पेशींवर मूरची मालकी नाही, पण डॉक्टरचा त्यात पैशाचा फायदा आहे हे पेशंटला आधी न सांगणं चूक आहे. मालकीचा निकाल मला स्वतःला पटत नाही, पण दुसरा भाग तुमच्या क्लिनिकच्या भिंतीवर लावायला हवा.

आणि चरबी स्टोअर करण्याचे पैसे? इथे तर वादच नाही. २०१७ च्या त्याच तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेतल्या रक्ताची बँक चालवायला परवानगी आहे, बाकी कुठल्याही पेशी-ऊतींची व्यावसायिक बँक चालत नाही. दात नाही, पाळीचं रक्त नाही, चरबीही नाही. कुठल्या फ्रीजमध्ये ठेवतात ते तरी तू बघितलंयस का?

आता तू काय करायचं. लगेच राजीनामा दे असं मी म्हणणार नाही, ईएमआय माझ्या सल्ल्याने भरला जात नाही. पण दुसरी नोकरी आजपासून शोध, तुझ्यासारख्या मुली रीतसर हॉस्पिटलांना हव्या असतात, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कितीतरी आहेत. तोवर तीन गोष्टी तुझ्या हातात आहेत. 'साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य तू स्वतः बोलू नकोस. फॉर्म घरी नेऊन वाचा आणि मग या, असं प्रत्येकीला सांग, यावर कुठलाही बॉस उघडपणे नाही म्हणू शकत नाही. आणि ती चरबीची ओळ बोट ठेवून दाखव, नको असेल तर खोडता येते म्हणून सांग. टार्गेट थोडं घसरेल, घसरू दे. तक्रार करायची झाली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे, पण ती नोकरी बदलल्यावर कर, आणि पेशंटचे कागद फोनमध्ये फोटो काढून बाहेर नेऊ नकोस, त्यात तूच अडकशील.

प्रश्न: डॉक्टर, आम्ही नेरूळला राहतो, मिसेसची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे. कॉर्ड ब्लड बँकेचा माणूस मागे लागलाय. आधी आजारांसाठी म्हणत होता, आता म्हणतो पुढे बाळाच्या आईला अँटीएजिंगला पण उपयोगी पडेल, हे फ्युचर आहे. खरंय का?
(होणारे बाबा, नेरूळ)

उत्तर: नाही. नाळेतल्या रक्तात मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांनी सुरकुत्या जात नाहीत. आयसीएमआर तर खासगी बँकेत स्वतःच्या बाळासाठी ते साठवण्याची शिफारसच करत नाही, कारण आजार जनुकीय असेल तर तोच दोष साठवलेल्या रक्तातही असणार. घरात मोठ्या भावंडाला थॅलेसेमियासारखा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रक्तविकारतज्ज्ञाला विचारा. बाळाच्या नाळेतून आईचं ब्यूटी पार्लर उघडायची कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल देव जाणे. ते पैसे बाळाच्या नावाने ठेवा.

प्रश्न: मॅडम माझ्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये सगळ्या सफरचंदाच्या स्टेम सेलची क्रीम लावतात, आणि आता नौपाड्यात एका ठिकाणी मायक्रोनीडलिंग करून वरून एक्सोसोम लावतात, ते म्हणतात यात सेलच नाहीत म्हणून एकदम सेफ. करू का? वय १९.
(नौपाडा, ठाणे)

उत्तर: क्रीममध्ये जिवंत पेशी नसतात, झाडाच्या पेशींचा अर्क असतो, आणि सफरचंदाची पेशी जिवंत असती तरी ती माणसाची त्वचा बनवणार नाही. मॉइश्चरायझर म्हणून लाव हवं तर, पण मॉइश्चरायझरच्या किमतीला.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. पेशी नाहीत हे खरं, पण त्यांच्यात पेशीचे निरोप असतात, त्यासाठीच तर त्या विकतात, मग काही परिणामच होणार नाही असं कसं म्हणायचं? आणि त्या कोणाच्या पेशींतून काढल्या, त्या माणसाची तपासणी झाली होती का, त्याला विचारलं होतं का, हे बाटलीवर लिहिलेलं असतं का बघ. अमेरिकेत एक्सोसोम घेतलेल्या काही पेशंटना गंभीर त्रास झाल्यावर एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता की असं एकही उत्पादन मंजूर केलेलं नाही. सुईने भोकं पाडलेल्या त्वचेवर ते लावणं म्हणजे आत सोडणंच झालं. १९ व्या वर्षी तुला फक्त सनस्क्रीन हवं.

प्रश्न: मी मागच्या वर्षी ठाण्यातच असं चेहऱ्याचं स्टेम सेल करून घेतलं. आता डाव्या डोळ्याखाली कडक गाठ लागते, हळूहळू वाढतेय. क्लिनिकवाले आधी मसाज करा म्हणाले, आता फोन उचलत नाहीत. घरच्यांना न सांगता केलं होतं म्हणून कोणाला बोलताही येत नाही. कुठे जाऊ?
(एक वाचक, वर्तकनगर)

उत्तर: मसाज आधी बंद करा. वाढणारी कडक गाठ तपासल्याशिवाय सोडायची नाही. बहुतेक वेळा ती गोठलेली चरबी किंवा तिच्यात साचलेलं कॅल्शियम निघतं, पण ते बघूनच ठरवायचं, त्यासाठी सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी स्कॅन किंवा बायोप्सी. एमसीएच किंवा डीएनबी केलेल्या प्लास्टिक सर्जनकडे जा, खासगी परवडत नसेल तर मुंबईतल्या केईएम किंवा सायनच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत. तिथे काय झालं ते खरं सांगा, डोळ्याजवळ दिसू लागलेला कुठलाही फरक लपवू नका. डोळा दुखला, अंधुक दिसलं किंवा दोन-दोन दिसायला लागलं तर ओपीडीची वाट न बघता कॅज्युअल्टी.

दुसरीकडे क्लिनिकला लेखी अर्ज द्या, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्ही, की माझी सगळी कागदपत्रं द्या: काय टोचलं, किती, कुठल्या कंपनीचं एन्झाइम आणि फिलर, बॅच नंबर, कन्सेंट फॉर्म. मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पुढच्या सर्जनलाही हे कागद लागतील, फिलर कुठलं होतं त्यावर उपचार ठरतो. ट्रायल होती असं ते म्हणाले तर सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला) आणि एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र मागा. नुसत्या नंबरावर भागत नाही, नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे.

ते काही द्यायचे नाहीत अशी शक्यता आहे, तरी अर्जाची पोच जपून ठेवा. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून ठरलेलं आहे, आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे ठाण्याच्याच ग्राहक आयोगात तक्रार करता येते, घरबसल्या ऑनलाइनही होते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. डॉक्टरविरुद्ध वेगळी तक्रार मेडिकल कौन्सिलकडे, तिथे त्याचा रजिस्ट्रेशन नंबर लागेल, पावतीवर किंवा प्रिस्क्रिप्शनवर असतो. नसेलच, तर ज्याने सुई धरली तो डॉक्टर होता का हेच आधी शोधायला लागेल.

घरी मात्र आजच सांगा, बहिणीला किंवा मैत्रिणीला तरी, बायोप्सीला एकटं जायचं नाही.